जुन्या पेटीची दुरुस्ती

श्रोतेहो, बहुतेक घरांच्या माळ्यावर एखादी अशी वस्तु असते कीं, जी टाकून देववत नाहीं आणि काढून वापरवतही नाहीं. कोणाच्या घरीं तें आजोबांचें घड्याळ असतें, कोणाच्या घरीं आजीचें शिवणयंत्र असतें, आणि आमच्या वऱ्हाडांत तर पुष्कळ घरीं ती हार्मोनियमची पेटी असते. पेटी वाजविणारा माणूस गेला म्हणजे प्रथम तिच्यावर एक स्वच्छ पंचा टाकण्यांत येतो. सहा महिन्यांनीं ती खाटेखालीं जाते. आणि पुढें माळ्यावर चढली कीं उंदीर व झुरळें यांच्या स्वाधीन होते. अशा एका पेटीची दुरुस्ती आणि विक्री करण्याचा प्रसंग मजवर आला होता. त्याची हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें.

आरंभींच एक कबुली दिलेली बरी. मी संगीताचा पंडित नव्हे आणि कारागीर तर मुळींच नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तर झालों, यवतमाळ जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळांतून मुलांना शिकवीत तीस-पस्तीस वर्षें काढलीं आणि आतां घरीं बसलों आहें. शाळेची प्रार्थना सुरांत व्हावी म्हणून पेटी वाजवावयास शिकलों, आणि शाळेची पेटी दर पावसाळ्यांत रुसत असे म्हणून ती उघडावयास शिकलों. बाहेरचा कारागीर बोलावण्याइतका पैसा शाळेजवळ कोठून असणार! सगळी विद्या गरजेपोटीं आलेली. तिला कोठें कोठें भोकें आहेत, तें पुढें आपल्या लक्षांत येईलच.

मृग लागावयास तीन-चार दिवस उरले होते. कळंबच्या बाजूच्या एका खेड्यांतून एक बाई सकाळच्या एस. टी.नें आल्या. बरोबर त्यांचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा, आणि दोघांच्या मध्यें गोणपाटांत बांधलेली पेटी. त्यांचे यजमान माझे स्नेही होते. त्या गांवच्या शाळेवर मी सहा वर्षें होतों. वंदनीय तुकडोजी महाराजांच्या पद्धतीनें तेथें सायंकाळीं सामुदायिक प्रार्थना होत असे, आणि त्यानंतर भजन. खंजिरीवर कोणीही बसे, पण पेटीवर हेच. चार एकर कोरडवाहू जमीन, घरीं जेमतेम. पण पेटीवर हात पडला कीं गृहस्थ निराळाच होऊन जाई. तीन वर्षांपूर्वीं ते दुखण्यानें वारले. मी त्या बाईंना वहिनी म्हणतों.

वहिनींनीं पाणीसुद्धां घेण्याच्या अगोदर विषय काढला. म्हणाल्या, "गुरुजी, हे पेटी इकून द्या. बजारातला दुकानदार पंधराशे म्हन्ते. मले बियान्याचे पैसे पाह्यजे."

मीं गोणपाट सोडून झांकण उघडलें. वास आला तो सरकीचा. पेटी माळ्यावर ठेवली होती तेथेंच तीन वर्षें घरचा कापूस सांठविला होता, आणि उंदरानें भात्याच्या मागच्या कोपऱ्याला भोंक पाडून आंत कापसाची गादी केली होती. सदतीस पट्ट्यांपैकीं अकरा पट्ट्या मुक्या होत्या. दोन पट्ट्या खालीं बसलेल्या त्या वर येत नव्हत्या. आणि भाता दाबला कीं हवा सुरांतून जाण्याऐवजीं माझ्या गुडघ्यावर येत होती. परंतु पेटी जातीची होती. सागाचें लाकूड, दोन सुरांची रांग, एक खर्ज आणि एक नर, म्हणजे सदतीस दुणे चौऱ्याहत्तर सूर, आणि कोठेंही वाळवीचा स्पर्श नाहीं.

दुकानदाराला मी दोष देत नाहीं. त्यानें पाहिली ती मुकी पेटी. तिच्यावर कारागिराचे चार दिवस जाणार, माल लागणार, आणि इतकें करूनही गिऱ्हाईक केव्हां येईल याचा भरवंसा नाहीं. त्याच्या हिशेबानें पंधराशे रुपये हा भाव लबाडीचा नव्हता. पण तो हिशेब त्याचा होता. आमच्याजवळ चार दिवस होते, आणि माझे चार दिवस फुकट होते. मीं वहिनींना म्हटलें, "पेरणीपर्यंत पेटी माझ्याकडे राहूं द्या." त्या क्षणभर घुटमळल्या. पंधराशे रुपये हातांत येणारे होते, आणि माझा शब्द वाऱ्यावरचा होता. शेवटीं मुलाकडे पाहून त्यांनीं मान हलविली. मला मात्र त्या दिवशीं रात्रीं झोंप लागली नाहीं. भिडेखातर आपण कोणाची पेरणी तर अडकवीत नाहीं ना, हा विचार सारखा मनांत येई.

येथें पेटीविषयीं चार शब्द सांगितले पाहिजेत. पेटी मूळची आपली नव्हे. धातूच्या अगर बांबूच्या पातळ जिभेवरून हवा गेली म्हणजे ती थरथरते आणि स्वर उमटतो, ही युक्ति चिनी लोकांना फार प्राचीन काळापासून अवगत होती. तीच घेऊन १८४० च्या सुमारास पॅरिसमध्यें देबें नांवाच्या कारागिरानें पायानें भाता मारण्याचें वाद्य तयार केलें आणि त्याला हार्मोनियम हें नांव दिलें. तें साहेबाबरोबर आपल्या देशांत आलें. आपली बैठक जमिनीवरची; खुर्चीवर बसून पाय हलवीत गाण्याची साथ कशी करणार? तेव्हां कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनीं त्याचा भाता मागें आणून हातानें चालेल असा केला, आणि पेटी मांडीजवळ आली. तिला मराठी माणसाच्या घरीं मानानें आणलें तें मात्र रंगभूमीनें. गोविंदराव टेंबे यांच्यासारखा रसिक आणि बुद्धिमान कलावंत पेटीवर बसला, १९१३ सालीं निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या उभारणींत त्यांचा हात होता, आणि नाटकांतील पद ऐकून आलेला प्रेक्षक घरीं जाऊन तें पेटीवर शोधूं लागला. वऱ्हाडांतील वकिलापासून पाटलापर्यंत अनेकांच्या दिवाणखान्यांत पेटी आली ती या मार्गानें. आणि दिवाणखान्यांतून देवळांत यावयास तिला फारसा वेळ लागला नाहीं.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. ज्या आकाशवाणीवरून मी आज पेटीचें गुणगान करीत आहें, तिच्याच घरीं १९४० पासून पुढें सुमारें तीस वर्षें पेटीला बंदी होती. आपलें नागपूर केंद्र १९४८ सालीं सुरू झालें तेव्हांही ती बंदी चालू होती. १९७१ नंतर ती हळूहळू शिथिल झाली. आक्षेप घेणारीं माणसें लहानसहान नव्हतीं. रवींद्रनाथ ठाकूरांचाही पेटीला विरोध होता. त्यांचें म्हणणें असें कीं, पेटीचे स्वर ठरलेले. गळ्याप्रमाणें एका स्वरावरून दुसऱ्यावर ओघळत जाणें तिला साधत नाहीं. आणि तिच्या सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असल्यामुळें तिचा गांधार तंबोऱ्यांतून ऐकूं येणाऱ्या गांधारापेक्षां चढा असतो. आक्षेप खोटा नाहीं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नांवाचे न्यायाधीश यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं श्रुति-पेटी तयार करविली, ती हाच दोष काढण्यासाठीं. पण मला वाटतें, पेटीचा न्याय करतांना ती कोणापाशीं आहे हेंही पाहावें. दिवसभर निंदण करून आलेल्या चाळीस माणसांना एका सुरांत धरून ठेवावयाचें असेल, तर तंबोरा तेथें पुरत नाहीं. पेटी पुरते.

असो. आतां दुरुस्तीकडे वळूं.

पेटीच्या दुरुस्तींत पहिला प्रश्न सुराचा नसून हवेचा असतो, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. लोक मुकी पट्टी दाबून दाबून पाहतात आणि पट्टीला दोष देतात. परीक्षा सोपी आहे. सगळे खटके बंद करावे, भाता दोन-चार वेळां मारून आंतली हवापेटी भरूं द्यावी, आणि हात काढून घ्यावा. चांगली पेटी ती हवा बराच वेळ धरून ठेवते. फुटकी पेटी एक सुस्कारा टाकून मोकळी होते. आमची पेटी चार आंकडे मोजेपर्यंत रिकामी झाली. उंदराचें भोंक तर उघड दिसत होतें. पण तें बंद करूनही हवा जातच होती. तेव्हां मीं उदबत्ती पेटवून सांध्या-सांध्यांपाशीं धरली. ज्या ठिकाणीं धूर थरकला त्या ठिकाणीं खडूनें खूण केली. सात खुणा झाल्या. त्यांपैकीं पांच भात्याच्या घड्यांत होत्या, जेथें कातडें वाळून तडकलें होतें. आमच्या जिल्ह्याच्या उन्हाळ्याची ही करणी. मे महिन्यांत पंचेचाळीस अंशांची कोरडी आंच, आणि महिन्याभरांत मृगाची ओल; लाकूड आकसतें आणि फुगतें, कातडें मात्र एकदां वाळलें कीं मऊ होत नाहीं.

घड्यांवर लावावयास मेंढीचें मऊ, पातळ कातडें लागतें. तें चिकटवावें सरसानें. हा माझा आग्रह आहे. हल्लीं पांढरा चीक सर्वत्र मिळतो, आणि वापरावयास सोपाही आहे. पण सरस जसा गरम केल्यावर धरतो तसा ऊब आणि ओल मिळाली कीं सोडतोही, आणि म्हणून पुढच्या माणसाला तें काम पुन्हां उघडतां येतें. पांढऱ्या चिकानें बसविलेलें कातडें काढतांना खालचें लाकूड सोलून येतें. आमच्याच पेटीच्या एका कोपऱ्यावर कोणीं तरी पूर्वीं नळाला लावण्याचें लांबण थापलें होतें; तें खरवडण्यांत माझी एक अखंड दुपार गेली, आणि त्या अज्ञात गृहस्थाला उद्देशून मी काय बोललों तें आकाशवाणीवर सांगण्यासारखें नाहीं.

भाता बांधून वाळत ठेवला आणि मीं सुरांची फळी बाहेर काढली. श्रोतेहो, ही फळी एकदां तरी पाहावी. चौऱ्याहत्तर पितळी पट्ट्या ओळीनें बसविलेल्या. प्रत्येक पट्टींत एक अरुंद खांच, आणि खांचेवर एका टोकाशीं रिवेटानें घट्ट केलेली पितळेची जीभ. खर्जाच्या बाजूची जीभ बोटभर लांब. टिपेच्या बाजूची नखाएवढी. हवा खांचेंतून जातांना जीभ आंत-बाहेर झुलते. खांचेच्या काठाला ती स्पर्श करीत नाहीं, पण तिच्या आणि काठाच्या मध्यें मोकळी जागा केंसाएवढीच असते. त्या केंसाएवढ्या जागेंत कापसाचा एक तंतु अडकला तरी सूर मुका होतो. आमच्या अकरा मुक्या सुरांपैकीं आठांचें दुखणें एवढेंच होतें. ज्या कापसावर त्या घराचें पोट चालतें, त्याच कापसानें पेटीची वाचा बंद केली होती. जिभेखालीं पातळ कागद अलगद सरकवून, तो बाहेर ओढला कीं तंतु त्याच्याबरोबर येतो. मुलगा माझ्यापाशीं राहिला होता. त्यानें दोन दिवस हेंच काम केलें. एकेक सूर बोलूं लागला कीं तो बोटें मोजी.

उरलेल्या तीन सुरांचें पितळ कळंकून जिभेच्या मुळाशीं हिरवी पुटें आलीं होतीं. तीं मऊ कुंचल्यानें काढलीं. बसलेल्या दोन पट्ट्यांपैकीं एकीची कमान गंजून मोडली होती, ती बदलली. दुसरीचें लाकूड फुगलें होतें, तिला बाजूनें दोन हात कानस मारून शंखजिऱ्याची पूड लावली. पट्ट्यांखालची बनात कसरीनें खाल्ली होती, ती नवी घातली. येथपर्यंत सर्व ठीक झालें. येथेंच मी थांबलों असतों तर मास्तराची अब्रू शाबूत राहिली असती.

पण सूर बोलूं लागले म्हणजे ते खरे बोलतात कीं खोटे, हें कानाला कळूं लागतें. सूर मिळविण्याचें तत्त्व सांगावयास सोपें आहे. जिभेचें टोंक खरवडलें तर तें हलकें होऊन जीभ जलद झुलते आणि सूर चढतो; मुळापाशीं खरवडलें तर जीभ दुबळी होऊन सूर उतरतो. दोन सूर जवळजवळ सारखे पण पूर्ण सारखे नसले, म्हणजे एकत्र वाजवितांना त्यांत लाटा ऐकूं येतात. एक सूर सेकंदाला ४४० वेळां थरथरत असला आणि दुसरा ४४२ वेळां, तर सेकंदाला दोन लाटा येतात. लाट लांबत लांबत नाहींशी झाली कीं सूर मिळाला. माझ्या नातवाच्या फोनमध्यें सूर मोजण्याची सोय आहे. तिनें असें दाखविलें कीं, आमची सबंध पेटीच हल्लींच्या ठरलेल्या पट्टीपेक्षां किंचित् चढी आहे. नातू म्हणाला, "सगळे सूर उतरवून टाका कीं आजोबा." मीं तें केलें नाहीं. चौऱ्याहत्तर जिभा मुळाशीं खरवडणें म्हणजे चौऱ्याहत्तर जिभांचें आयुष्य कमी करणें. पेटी स्वतःशीं जुळलेली असली म्हणजे भजनाला पुरे. मात्र ही गोष्ट घेणाऱ्याला सांगावयाची, असें मीं वहींत टिपून ठेवलें.

सहा-सात सूर तेवढे इकडे-तिकडे झाले होते. पांच मीं व्यवस्थित मिळविले, आणि मला गर्व झाला. खर्जाचा पंचम थोडा चढा होता. तो उतरविण्यासाठीं मीं जिभेच्या मुळाशीं कानस धरली. एकदां खरवडलें, लाट मंद झाली. पुन्हां खरवडलें, आणखी मंद झाली. आणखी एकदां खरवडण्याची गरज नव्हती. पण मुलगा समोर बसला होता, आणि आपली करामत त्यानें पाहावी असें मला वाटलें असावें. सूर अगदीं बरोबर मिळाला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं भाता जरा जोरानें मारून तोच पंचम दाबला, तर टक् असा आवाज झाला आणि सूर गेला. जीभ मुळापाशींच तुटून खांचेंत आडवी पडली होती.

चाळीस वर्षांपूर्वींचा तो सूर. मुलानें माझ्याकडे पाहिलें आणि मान खालीं घातली. शाळेंत मुलाकडून पाटी फुटली म्हणजे मीं जें कांहीं बोललों असेन तें सर्व मला त्या वेळीं आठवलें.

नवा सूर मिळतो. गुजराथेंत भावनगर-पालिताणा भागांत सूर तयार होतात आणि देशभर जातात. पण जुन्या फळींत एकच नवा सूर बसविला तर त्याचा आवाज निराळा उमटतो. शेवटीं मी अमरावतीस एका वृद्ध कारागिराकडे गेलों. फुटक्या पेट्यांतून काढलेल्या सुरांचा एक पत्र्याचा डबा त्यांनीं माझ्यापुढें ओतला. तासभर ते एकेक सूर ओठांजवळ धरून फुंकून पाहत होते आणि बाजूला टाकीत होते. शेवटीं एक हातांत राहिला. तो त्यांनीं मला दिला, माझा तुटका सूर हातांत घेऊन मुळापाशीं निरखून पाहिला, आणि विचारलें, "कानस होती कीं करवत?" मी कांहीं बोललों नाहीं. सुराचे त्यांनीं साठ रुपये घेतले. प्रश्नाचें कांहीं घेतलें नाहीं.

पेटी पुरी झाली तेव्हां मृग लागून दोन दिवस झाले होते. पाऊस अद्याप नव्हता. सबंध खर्च झाला तो सहाशें चाळीस रुपये, त्यांत अमरावतीचें भाडें धरलेलें नाहीं.

आतां विक्रीविषयीं. पेटी विकण्याचें काम दुरुस्तीहून कठीण, कारण दुरुस्तींत आपण खोटें बोललों तर पेटीच तें उघड करते. विक्रींत तसें नसतें. मीं पेटीचीं छायाचित्रें काढविलीं, तीं दोषांसकट. उंदराच्या भोंकावरचें ठिगळ, झांकणाची बारीक चीर, सर्व. नातवानें तीं ओळखीच्या लोकांकडे धाडलीं, आणि सोबत पेटीचा आवाजही धाडला. दोन गिऱ्हाइकें आलीं.

एक होतें शेजारच्या तालुक्यांतील भजनी मंडळ. त्यांच्यांतील दोन तरुण मुलें येऊन तास-दीड तास पेटी वाजवून गेलीं. एकाचा हात खरोखर चांगला होता. त्यांनीं आठ हजार रुपये कबूल केले. पांच हजार रोख, आणि तीन हजार कापूस निघाल्यावर. मीं त्यांना सांगितलें कीं, पेटी थोडी चढी आहे, विजेच्या कीबोर्डाबरोबर वाजविली तर भांडेल. आणि खर्जाचा पंचम बदललेला आहे. त्यांनीं पंचम पुन्हां वाजवून पाहिला आणि म्हणाले, "चालेल."

दुसरे गिऱ्हाईक नागपूरचे एक गृहस्थ. त्यांनीं नवें घर बांधलें होतें, आणि बैठकीच्या खोलींत जुनें पितळी दिवे, जुना ग्रामोफोन वगैरे मांडणी केली होती. त्यांना त्या मांडणींत एक जुनी पेटी हवी होती. त्यांनीं लाकडावर हात फिरविला, पितळी कड्या पाहिल्या, पण भाता एकदांही मारला नाहीं. मीं पंचमाची गोष्ट सांगूं लागलों तों ते हंसून म्हणाले, "गुरुजी, आमच्याकडे वाजविणार कोण!" किंमत त्यांनींच सांगितली. अकरा हजार, रोख.

श्रोतेहो, खरें सांगतों, त्या रात्रीं वहिनींना दूरध्वनि करतांना नागपूरचें गिऱ्हाईक सांगूंच नये, असा विचार माझ्या मनांत येऊन गेला. मंडळाच्या त्या मुलाचा हात मला दिसत होता. पेटी भजनाला जावी, तिच्यावर बोटें पडावीं, माझ्या मित्रालाही तेंच आवडलें असतें, अशीं नाना कारणें मीं मनांत जुळविलीं. त्यांतलें एक कारण मीं स्वतःलाही नीट सांगितलें नाहीं. तें हें कीं, इतक्या खटपटीनें मिळविलेले सूर कोणी ऐकणारच नाहीं, हें मला सहन होत नव्हतें. पण पेटी माझी नव्हती. मीं दोन्ही गिऱ्हाइकें, दोन्ही रकमा आणि माझें मत, असें सर्व सांगितलें.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग वहिनी म्हणाल्या, "गुरुजी, त्या पोराईचा हात चांगला असंल. पन त्याइचे तीन हजार कापूस निंघाल्यावर येतीन. आन् माहा कापूस त पेराचाच हाय."

या बोलण्यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आजही नाहीं. पेटी नागपूरला गेली. विक्रीचा कागद मीं केला. साधा कागद, पण त्यावर तारीख, रक्कम, पेटीचें वर्णन, बदललेल्या सुराचा आणि ठिगळांचा उल्लेख, आणि दोघांच्या सह्या. जुनी वस्तु विकतांना असा कागद अवश्य करावा. पुढें बोलाचाली होण्याचें कारण राहत नाहीं. गृहस्थांनीं तो न वाचतांच सही केली. मीं त्यांना एवढें विनविलें कीं, महिन्यांतून एकदां तरी भाता मारून सर्व पट्ट्यांवरून हात फिरवा, म्हणजे सूर बसणार नाहींत. ते होय म्हणाले. करतात कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं.

जुनी पेटी घेणारे श्रोते कोणी असतील तर त्यांच्यासाठीं जातां जातां एवढेंच सांगतों कीं, प्रथम हवेची परीक्षा घ्या, मग एक पट्टी दाबून खर्ज आणि नर निरनिराळे ऐका, आणि सर्वांत शेवटीं लाकडाचें पॉलिश पाहा. बहुतेक लोक याच्या उलट करतात. आणि पेटी पावसाळ्यांत घेऊं नका. त्या दिवसांत चांगली पेटीही आजारी दिसते आणि आजारी पेटीला पावसाचें निमित्त मिळतें. भजनी मंडळाच्या त्या मुलांची स्वतःची एक जुनी पेटी आहे. ती मीं उघडून पाहावी असा निरोप त्यांनीं धाडला आहे. या खेपेला कानस दुसऱ्या कोणाच्या हातीं देण्याचा माझा विचार आहे.

वहिनी पैसे न्यावयास आल्या तेव्हां आभाळ भरून आलें होतें आणि त्यांना परतीची गाडी गांठावयाची होती. मीं अकरा हजार रुपये पुढें ठेवले आणि खर्चाचा कागद बाजूला सारला. त्यांनीं तो ओढून घेतला, मुलाकडून मोठ्यानें वाचून घेतला, आणि सहाशें चाळीस रुपये मोजून माझ्या पुढ्यांत ठेवले. मीं म्हटलें, "सुराचे साठ रुपये कमी करा वहिनी. तो माझ्या हातून तुटला." त्यांनीं ते साठ परत उचलले. मला बरें वाटलें. मग उठतां उठतां त्या म्हणाल्या, "तो तुटका सूर कुठीसा हाय? मोटार दुरुस्त करनारे जुना माल मालकाले वापस देतेत."

सूर माझ्या टेबलाच्या खणांत होता. तो मीं त्याच्या तुटक्या जिभेसह कागदांत गुंडाळून त्यांच्या हातीं दिला. त्यांनीं तो नोटांबरोबर कमरेच्या पिशवींत ठेवला, आणि मायलेकरें गाडीकडे गेलीं.